बारकीची मूळ पावती

१. वॉशिंग मशीन

माणूस चोरी गरजेपोटी करत नाही, संधीपोटी करतो, हे सत्य आत्यांनी छत्तीस वर्षं महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळून कमावलं होतं. त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या हाती एकच चोर लागला. ते प्राचार्य होते, शर्टाखाली मधुमेहाच्या पथ्यावरचं पुस्तक होतं, आणि ते सापडले तेव्हा पुस्तक परत आणून ठेवत होते. पण सिद्धान्ताला पुरावा लागतो असं आत्यांना कधीच वाटलं नाही.

निवृत्तीनंतर तो सिद्धान्त वापरायची वेळ एका शनिवारी सकाळी आली. धाकट्या भावाचा फोन होता.

"ताई, बारकीची पावती गेली."

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

बारकी म्हणजे भावाची बारा वर्षांची मुलगी. पाच वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका दुकानात, भिंतीला न ठोकलेलं कपाट तिच्या डाव्या पायावर पडलं. मुलीने कपाटाचं दार उघडायलाच नको होतं, असं दुकानदाराचं म्हणणं. मग त्याला दार कशासाठी लावलं होतं, असं न्यायालयाने विचारलं. वर्षभरात तडजोड झाली, भरपाई ठरली, आणि ती रक्कम बारकी अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून अडकली. वाढ थांबल्यावर पायाची दुसरी शस्त्रक्रिया करायची होती, ती या पैशांतून. तोवर डाव्या पायात जाड तळाचा बूट. बारकी चालली की टक-ठप, टक-ठप असा आवाज व्हायचा, त्यामुळे लपाछपीत तिच्यावर कायम राज्य यायचं.

भावाची ड्रायव्हिंग स्कूल होती, म्हणून सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. शाळा म्हणजे एक मोटार. तिला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. गेल्या हिवाळ्यात मोटारीचं इंजिन बसलं, दुरुस्तीसाठी कर्ज काढलं, आणि आता तीन हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्या कंपनीने महिनाअखेर मोटार उचलून नेण्याचं पत्र धाडलं होतं. मोटार गेली की शाळा गेली, शाळा गेली की घर फक्त भावजयीच्या पगारावर. तेव्हा बारकीच्या ठेवीतले थोडे पैसे काढू द्यावेत, असा अर्ज आईबापांनी न्यायालयात केला होता. सोमवारी अकराला सुनावणी. वकीलसाहेब म्हणाले होते, ठेवीची मूळ पावती लागेल.

आत्या पोचल्या तेव्हा वकीलसाहेब सोफ्यावर बसले होते. कागद न्यायला म्हणून ते आले, सगळ्यांसमोर कपाटातून निळं पाकीट काढलं, उघडलं, आणि आतून वॉशिंग मशीनचं हमीपत्र निघालं.

"तेही मुदत संपलेलं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

२. न शोधणारं घर

कपाटाची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असायची. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे शेजारच्या दोनच घरांना माहीत होती. कुलूप फोडलेलं नव्हतं. काम घरातलंच.

आत्यांनी एकेकाला गाठलं. मास्तर अंगणात मोटारीत बसले होते, चालवायला नव्हे, नुसतेच. त्यांनी सांगितलं की बुधवारी पावती जागेवर होती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. इतकं बोलून ते ब्रेकवर पाय ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

भावजय दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात कामाला होती, आणि घरीही तिचा आवाज 'बसा, डॉक्टर येतीलच' असाच असायचा. तिने पावती गुरुवारी पाहिली होती. अर्जावर सही करून झाल्यावर दोन दिवस ती मास्तरांशी बोलली नव्हती, हे तिने सांगितलं नाही. ते मामाने सांगितलं.

आजोबांनी, म्हणजे आत्यांच्या आणि मास्तरांच्या वडिलांनी, उभा जन्म शिंपीकाम केलं. ऐंशी वर्षांचे झाले तरी घरात कोट घालून बसत, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या खांद्याचं माप डोळ्यांनी घेत. त्यांनी पावती शुक्रवारी सकाळी पाहिली.

"बाबा, तुम्ही कशाला कपाट उघडलंत?"

"माझंच कपाट आहे."

"ते तुमच्या मुलाने घेतलंय, दहा वर्षांपूर्वी."

"मग किल्ली कॅलेंडरमागे कशाला ठेवतो? मला दिसते."

राहिला मामा, भावजयीचा भाऊ. तो पाण्याचे फिल्टर विकायचा आणि जमलं नाही की कल्पना विकायचा. बारकीचे पैसे आपल्या धंद्यात घातले तर तीन वर्षांत दुप्पट होतील, हे तो दर रविवारी जेवताना सांगत असे. त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर, आणि त्याला त्याचं दुःख होतं.

"ताई, मी चार वर्षं तोंडाने मागतोय," तो म्हणाला. "चोरायचीच असती तर आधी मागून सगळ्यांना सावध कशाला करीन? मला एवढं तरी डोकं आहे."

हे बोलताना तो फ्रिजखाली काठी घालत होता. त्याआधी त्याने गाद्या उलट्या केल्या होत्या, पुस्तकं झटकली होती आणि कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली होती.

आत्यांना तिथे खटकलं. घराची दोन वर्षांची कमाई ज्या कागदाच्या तुकड्याशी बांधलेली, तो गेला होता. आणि शोधत होता एकटा मामा. मास्तर मोटारीत बसले होते. भावजय पडद्यांची धूळ झटकत होती. आजोबा काजं करत होते. बारकी टेबलाशी भूगोलाचा नकाशा रंगवत होती, आणि नद्या रंगवून झाल्यावर तिने समुद्रही सावकाश रंगवायला घेतला.

ग्रंथालयात पुस्तक हरवलं की सगळे शोधतात. ज्याच्या पिशवीत ते असतं, तो मात्र शोधत नाही.

आता अडचण एवढीच होती की न शोधणारे चौघं होते.

बारकी रंगपेटी ठेवायला उठली. टक-बस, टक-बस. नेहमीचा 'ठप' आज बसका येत होता. आत्यांनी तो ऐकला आणि मनात एका कप्प्यात नीट ठेवून दिला, कारण कोणती नोंद कुठे लागेल हे आधी सांगता येत नाही.

३. झेरॉक्सवाल्याची सवलत

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथला माणूस मितभाषी म्हणून प्रसिद्ध होता, पण ते, त्याला कोणी कधी प्रश्न विचारला नसल्यामुळे. आत्यांनी विचारला.

तो म्हणाला की बुधवारी मास्तर आले, एका बँकेच्या पावतीची रंगीत प्रत काढली आणि कोणाला सांगू नको म्हणाले. गुरुवारी बाई आल्या, त्याच पावतीची रंगीत प्रत काढली आणि कोणाला सांगू नको म्हणाल्या. शुक्रवारी आजोबा आले. काठी टेकत टेकत, वाटेत तीन वेळा बसत आले, त्याच पावतीची प्रत काढली, आणि प्रत काढून झाल्यावर म्हणाले, कोणाला सांगितलंस तर तुझ्या पँटला ठिगळ लावायलाही मी बसणार नाही.

"मी म्हटलं, घरातलं चौथं माणूस आलं तर सवलत देऊ," झेरॉक्सवाला म्हणाला. "आलंच नाही कोणी."

"रंगीत प्रत महाग असेल."

"साध्याच्या आठपट."

आत्या थांबल्या. चौथ्या माणसाने प्रत केली नव्हती, कारण त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. म्हणून त्याच्या हाती लागलं ते हमीपत्र त्याने पाकिटात घातलं. घरात हातखर्चाला पैसे न मिळणारं माणूस एकच होतं, आणि ते टक-बस चालत होतं.

पहिल्या तिघांनी पाकिटात नवी प्रत ठेवून आतली पावती उचलली होती. चोर एक नव्हता. घरच्या घरी चौघं होते, आणि प्रत्येकाची समजूत होती की मूळ पावती आपल्यापाशी आहे.

४. चार आवृत्त्या

आत्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. वकीलसाहेबांना थांबवून घेतलं. ते चहा होईस्तोवर थांबतो म्हणून थांबले. मामाला काठी ठेवायला सांगितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या की ज्याने ज्याने पावती घेतली आहे, त्याने ती आणून टेबलावर ठेवावी, कोणाला काही विचारलं जाणार नाही.

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा गहिवरला.

मग मास्तर उठले. मोटारीतल्या आपल्या ब्रेकखालच्या चटईतून त्यांनी एक पावती आणली. ते येईपर्यंत भावजयीने पर्समधून एका अनोळखी माणसाच्या दाढांचा एक्स-रे काढला आणि त्याच्या पाकिटातून दुसरी पावती. आजोबांनी कात्री मागितली, कोटाचं अस्तर दोन टाक्यांनी उसवलं, आणि तिसरी. टेबलावर तीन पावत्या पडल्या तेव्हा नवराबायकोने चार वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे न भांडता इतका वेळ पाहिलं.

"तू का?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही का?"

मास्तरांनी सांगितलं, आणि ते मोटार चालवायला शिकवतात तसंच, समोर बघत सांगितलं. अर्ज मीच केला, पण सही करतानाच वाटलं, नको. माघार घेतो म्हणालो असतो तर शाळा बंद, हे तोंडाने कबूल करावं लागलं असतं. मूळ पावतीच नसली, तर न्यायालय आपोआप नाही म्हणेल. मी म्हणायला नको.

भावजयीने सांगितलं की मी सही केली तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघून केली. नंतर बारकीच्या बुटाकडे पाहिलं आणि पावती उचलली. मलाही नाही म्हणायचं होतं, पण तुम्हाला नाही, न्यायालयाने.

आजोबा म्हणाले की मुलाचा कोट ढिला झाला म्हणून नातीच्या फ्रॉकचं कापड काढत नाहीत. माप अचूक घेतलं होतं.

"दोघांनी एकाच वेळी ब्रेक दाबला," आत्या म्हणाल्या. "मोटार बंद पडली म्हणून इंजिनला दोष. बारकी, बूट काढ."

बारकीने भूगोल मिटला. डाव्या बुटातला आतला तळ उचलला आणि चार घड्यांची चौथी पावती पुढे केली. तिच्या मागे निळ्या शाईने लिहिलं होतं: माझी काही हरकत नाही. बाबांना मोटारीसाठी पैसे द्यावेत. खाली सही, आणि सहीखाली बरोबर दुहेरी रेघ.

"पैसे माझे आहेत ना?" ती म्हणाली. "मग सगळ्यांना विचारलं, मला कोणी विचारलं? मी सोमवारी स्वतः जाऊन देणार होते. सापडू नये म्हणून बुटात ठेवली. माझ्या बुटात कोणी हात घालत नाही."

म्हणजे मोठ्या तिघांनी पावती लपवली ती पैसे निघू नयेत म्हणून, आणि जिचे पैसे होते तिने लपवली ती निघावेत म्हणून. कायदा अठराच्या आतल्या माणसाला अज्ञान म्हणतो. मास्तर उठून मोटारीकडे निघाले आणि दारातूनच परत आले, कारण ते डोळे पुसायलाच तिथे जातात हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

वकीलसाहेबांनी चहाचा कप ठेवला. "छान झालं. आता यातली मूळ कोणती?"

५. पहिली आवृत्तीही प्रतच

हा प्रश्न आत्यांच्या हातातला होता. जुन्या पुस्तकाची कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे डागांवरून ओळखण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. त्यांनी चारही पावत्या खिडकीजवळ ओळीने मांडल्या.

बारकीच्या पावतीवर तीन डाग होते: काळा अंगठा, गुलाबी शाईचा गोल, निळ्या खडूची रेघ. तिन्ही नुसते छापलेले, बोटाला लागत नव्हते. ही सर्वांत नवी. आजोबांच्या पावतीवर अंगठा आणि गोल छापील, पण खडू खरा, बोटाला आला. दुकानात जाताना शिंप्याच्या खिशातला खडू लागला, त्याची नंतर प्रत निघाली. भावजयीच्या पावतीवर अंगठा छापील, गुलाबी गोल खरा, दवाखान्यातल्या शिक्क्याच्या शाईचा. मास्तरांच्या पावतीवर एकच डाग, आणि तो खरा. मोटारीचं तेल कागदातून मागे उतरलं होतं.

"म्हणजे माझी मूळ," मास्तर म्हणाले, आणि एवढ्या गदारोळात त्यांना थोडा अभिमान वाटला.

आत्यांनी मास्तरांची पावती उजेडासमोर धरली आणि वरच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथे स्टेपलरच्या पिनेच्या दोन खुणा दिसत होत्या. दिसत होत्या, पण भोकं नव्हती. मागून प्रकाश येत नव्हता. त्या खुणा नव्हत्या, खुणांचं चित्र होतं. बँकेचा गोल शिक्काही तसाच, चित्र.

"ही पण प्रतच आहे," त्या म्हणाल्या.

मामाने काठी पुन्हा हातात घेतली.

या पावतीच्या आधीची पावती घरातल्या कोणाजवळ नव्हती. बुधवारच्या आधी निळं पाकीट कोणी उघडलं? कोणीच नाही, चार वर्षं तसंच बंद होतं. ही पावती घरी आणली कोणी? आत्यांनी मान वळवली. चार वर्षांपूर्वी न्यायालयातून कागद आणून या टेबलावर ठेवून, 'लॅमिनेट करू नका, मूळ आहे', असं सांगणारे वकीलसाहेब आता चहाचा रिकामा कप पुन्हा उचलून पीत होते.

"वकीलसाहेब, न्यायालयाचा हुकूम कुठे आहे?"

हुकूम निळ्या पाकिटातच, हमीपत्राच्या मागे होता. पाच पानं, पाठपोट लिहिलेली, पिनेने टाचलेली. आत्यांनी ती चाळली आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने शेवटाशी बोट अडलं. शेवटची दोन पानं कोर्ट-फीच्या तिकिटाच्या गोंदाने कडेला चिकटलेली होती. गोंद शाबूत होता. आत कोणी शिरलेलंच नव्हतं.

आत्या ग्रंथपाल होत्या. न उघडलेलं पान त्यांना दुरून ओळखू यायचं. त्यांनी पट्टी मागवली.

६. कलम नऊ आणि दहा

वकीलसाहेबांनी सांगितलं की ते हुकूम नेहमी आधी पहिलं पान आणि मग शेवटची सही वाचतात, मधलं त्यांना पाठ असतं. आत्यांनी पट्टीने गोंद सोडवला आणि मोठ्याने वाचलं.

कलम नऊ: मूळ ठेव पावती न्यायालयाच्या तिजोरीत राहील, पालकांना तिची रंगीत प्रत द्यावी.

आजोबांनी अस्तराकडे पाहिलं. दोन टाके उगाचच उसवले होते.

कलम दहा आत्यांनी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. ठेवीचं व्याज दर तीन महिन्यांनी मुलीच्या शाळेसाठी आणि पायाच्या उपचारासाठी आईच्या खात्यात बँकेने जमा करावं. त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची गरज नाही. बँकेत ठरलेला नमुना भरून द्यावा.

चार वर्षं बारकीची शाळा, बूट आणि पायाचा व्यायाम करून घेणाऱ्या ताईंची फी मास्तर आपल्या खिशातून भागवत आले होते. तो खर्च महिन्याकाठी मोटारीच्या हप्त्याएवढा यायचा. हे हिशेबी भावजयीने तोंडपाठ सांगितलं, आणि खर्चाच्या सगळ्या पावत्या एक्स-रेच्या पाकिटांत जपल्या आहेत, असंही.

सोमवारी न्यायाधीशबाईंनी तिजोरीतून मूळ पावती मागवली आणि मास्तरांना विचारलं की अर्ज चालवायचा आहे का. मास्तर उभे राहिले आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "नाही. मागे घेतो." एवढं बोलायला त्यांना आठवडा लागला होता. साठलेल्या व्याजातून झालेला खर्च पावत्या पाहून आईला द्यावा, असा बाईंनी हुकूम केला. मूळ रकमेला हात नाही. थकलेले तीन हप्ते त्यात बसत होते.

मग त्यांनी बारकीला तिचं काही म्हणणं आहे का विचारलं. बारकीने बुटातली पावती दिली. घड्या पडल्या होत्या आणि मागचं वाक्य रविवारी तिने पुरं केलं होतं: माझी काही हरकत नाही, पण आधी मला विचारायला हवं होतं. बाईंनी ते वाचलं आणि फाईलला लावलं. वकीलसाहेबांनी हरकत घेतली नाही.

मंगळवारी आत्या भावजयीबरोबर बँकेत गेल्या. नमुना एक पानी होता आणि फुकट होता. काउंटरवर एका ठोकळ्याखाली त्याचा गठ्ठा ठेवलेला होता. चार वर्षं तो तिथेच होता. हप्ते थकेपर्यंत मास्तर दर महिन्याला कंपनीच्या खात्यात मोटारीचा हप्ता भरायला याच काउंटरवर यायचे, आणि स्लिप भरताना पेन टेकवायला त्या गठ्ठ्याचाच आधार घ्यायचे.